आईचं खुब्याचं ऑपरेशन, हिमोग्लोबिन ८.६. रक्त चढवायचंच का?

बाळू_परभणी (सोमवार, रात्री ११.४०)
राम राम मंडळी. दवाखान्याच्या पायरीवर बसून टाईप करायलोय, चुकलं माकलं समजून घ्या. आई, वय ७३, काल पहाटं न्हाणीत घसरून पडली, डाव्या खुब्याचं हाड मोडलं. इथंच परभणीत ॲडमिट केलंय, परवा सकाळी ऑपरेशन हाय, आतला गोळा बदलणार म्हणायलेत. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६ आलं. हाडाचे डॉक्टर म्हणले दोन पिशव्यांची सोय करून ठेवा. भुलीचे डॉक्टर म्हणले ठेवा पण आताच चढवायचं काम नाही. अन् इकडं आमचे मामा, दोघी मावश्या, वरल्या आळीचे दोघं असे सगळे वॉर्डाच्या बाहेर ठाण मांडून बसलेत अन् एकच लावलंय, म्हातारीच्या अंगात रक्तच नाही, आधी दोन बाटल्या रक्त भरा मग हात लावू द्या.
मला तीन गोष्टी विचारायच्यात. आधी रक्त भरावं का नाही? माझा अन् आईचा ग्रुप एकच, बी पॉझिटिव्ह, मग माझंच काढून तिला देता येईल का, बाहेरचं कुणाचं कशाला? अन् तिसरं, दिवसभरात सलाईनच्या तीन बाटल्या जायलेत, ती दुपारी भाकर कुस्करून खाल्ली तरी बाटली चालूच, ते कशाला?

उदगीरची_सुमन
काळजी करू नका दादा, माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं, आता काठी घेऊन देवळात जाऊलालेत. रक्ताचं मला काही कळत नाही पण देवळाचं खात्रीनं सांगते.

मांजराकाठ
सलाईन म्हणजे निव्वळ धंदा. अर्धा लिटर मिठाचं पाणी. आमच्या गावात तर पाऊस पडला नाही की पोरं ताप आला म्हणून अन् म्हातारे ताकद पाहिजे म्हणून बाटली लावून घेतेत, डॉक्टर नको म्हणला की दुसऱ्या डॉक्टरकडं. त्यात ती पिवळी बाटली लावली की तर काय, राजेशाही थाट. बाळू, डिस्चार्ज घे अन् बिल बघ मग कळंल.

हुरडा_पार्टी
पिवळ्या बाटलीला आमच्याकडं 'आमरस' म्हणतेत.

भूल_जपून (मंगळवार, सकाळी ६.१५)
मी भूलतज्ज्ञ आहे, लातूरकडचा. तुमच्या आईंना पाहिलेलं नाही, त्यामुळं जे लिहितोय ते सर्वसाधारण समजा, शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा.

मांजराकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. पिवळी बाटली म्हणजे साध्या सलाईनमध्ये मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलेलं असतं, रंग त्याचा. ताकदीचा हिशोब असा: पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. एका ज्वारीच्या भाकरीत यापेक्षा जास्त ताकद आहे. आणि एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन, त्यात लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार. तीन बाटल्या एनएस गेल्या की साडेतेरा ग्रॅम मीठ आत गेलं. आपण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणून पेशंटला सांगतो आणि इकडं शिरेतून तिप्पट देतो, हे आमच्या धंद्यातलं जरा हसण्यासारखंच आहे.

पण दुसरं अर्धं चूक आहे. उपाशी पेशंट, उलट्या, पोटाचं ऑपरेशन, रक्तस्राव, यात हीच बाटली जीव वाचवते. १८३२ साली कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा शिरेतून मिठाचं पाणी दिलं तेव्हा पार खोल गेलेले पेशंट उठून बसले होते. पाणी फुकट नाही, फक्त त्याला डोस असतो. ज्याला तोंडानं काहीच चालत नाही त्याला दिवसाला किलोमागे साधारण २५ ते ३० मिली लागतं. आई ४५ किलोच्या असतील तर सव्वा लिटर, म्हणजे अडीच बाटल्या. पण ती जेवत असेल, पाणी पीत असेल तर ते त्यातनं वजा करायचं. भाकर खाल्ल्यावरही तीन बाटल्या चालू असतील तर राऊंडला विचारा, "साहेब, ही बाटली कशासाठी?" एवढंच. चिडणार नाहीत. चिडले तर उत्तर नाही असं समजा.

आता रक्त. एके काळी हिमोग्लोबिन १० च्या खाली असलं की ऑपरेशनला घ्यायचेच नाहीत, त्याला काही आधार नव्हता, सवय होती. १९९९ मध्ये कॅनडातल्या आयसीयूंमध्ये ८३८ पेशंटवर तपासलं, एका गटाला १० च्या खाली गेलं की रक्त, दुसऱ्याला ७ च्या खाली गेलं तरच. कमी रक्त दिलेल्यांचं काही वाईट झालं नाही. मग प्रश्न आला म्हाताऱ्यांचं काय, हृदय कमजोर असलेल्यांचं काय. त्यावर २०११ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, तो तर तुमच्या आईंसारख्याच पेशंटवर: खुबा मोडलेले, हृदयाचा त्रास किंवा त्याचा धोका असलेले २०१६ जण. निम्म्यांना १० च्या वर ठेवलं, निम्म्यांना ८ च्या खाली गेलं किंवा त्रास झाला तरच रक्त. साठ दिवसांनी बघितलं की कोण वारलं आणि कोण कुणाचा हात न धरता खोली ओलांडून जातंय. दोन्हीकडं सारखंच. म्हणून तुमचे भूलवाले डॉक्टर ८.६ ला "तयार ठेवा, चढवू नका" म्हणतायत. त्या दोघा डॉक्टरांचं भांडण नाही, दोघं एकच सांगतायत, तुमच्या मामांना ते दोन ऐकू येतंय.

मांजराकाठ
बरं साहेब, अर्धं तर बरोबर म्हणलात. आमच्या बायकोनं कधी पाव पण म्हणलं नाही.

माजलगावची
भूल_जपून साहेब, एक सांगते. माझी जाऊ, दरवर्षी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायची. अंगावरून फार जायचं, डॉक्टरनं सांगितलं गर्भाची पिशवी काढा. हिमोग्लोबिन ७.१. एका ठिकाणी म्हणाले, उद्याच घेऊ, तीन बाटल्या रक्त चढवतो. आमच्या बीडमधल्या बायकांच्या पिशव्या काढण्याची २०१९ मध्ये सरकारी चौकशी झाली ते तुम्हाला माहीत असेल, कशाकशासाठी काढून टाकल्या ते. तर माझ्या दिरानं तिला दुसरीकडं दाखवलं. त्या मॅडम म्हणाल्या, गडबड कुणाला आहे? आधी अंगावरचं जाणं थांबवायच्या गोळ्या दिल्या अन् लोहाचं इंजेक्शन बाटलीतून दिलं, चहाच्या रंगाचं असतं ते, असे चार-पाच डोस. पाच आठवड्यांनी ९.९. रक्ताचा एक थेंब लागला नाही. अन् शेवटी पिशवी पण काढावी लागली नाही, गाठ छोटी होती, गोळ्यांवर भागलं.
मला राग याचा येतो की पहिल्या ठिकाणी कुणी विचारलंच नाही रक्त कमी का आहे. कमी आहे, भरा. टायर पंक्चर असल्यावर हवा भरायची.

भूल_जपून
ताई, टायरचं तुमचं वाक्य मी उद्या शिकाऊ डॉक्टरांना ऐकवणार. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर चार-सहा आठवडे थांबून लोह देणं हे रक्तापेक्षा कधीही चांगलं. पण बाळूंच्या आईंचं तसं नाही. खुबा मोडल्यावर शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालं तर बरं, पडून राहिलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात गुठळ्या. तिथं लोहाची वाट बघता येत नाही.

बाळू_परभणी (दुपारी १.०५)
सगळ्यांचे आभार. मामाला तुमचं वाचून दाखवलं. मामा म्हणला, "मोबाईलमधला डॉक्टर येणार हाय का भूल द्यायला?" असो. पण एक भानगड झाली. आज सकाळी परत तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९! काल ८.६ होतं. आता तर सगळे माझ्यावर तुटून पडलेत की बघ, म्हणलं होतं ना. रात्रीत रक्त गेलं कुठं? कुठून सांडलेलं तर दिसलं नाही.

भूल_जपून
दोन गोष्टी. खुब्याचं हाड मोडलं की मांडीत आतल्या आत रक्त साचतं, बाहेर दिसत नाही. दुसरं, काल तीन बाटल्या सलाईन गेलं ना? वरणात तांब्याभर पाणी घातलं की डाळ तेवढीच राहते पण वरण पातळ होतं. आकडा म्हणजे डाळ नाही, घट्टपणा आहे. म्हणून नुसता आकडा बघत नाहीत. नाडी किती, छातीत धडधड आहे का, बसवल्यावर चक्कर, लघवीची पिशवी किती भरली ते बघतात. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली झाली तरी आम्ही खूश. तुमच्या आईंची पिशवी बघा आणि सांगा.

बाळू_परभणी
सकाळपासून साडेतीनशे मिली हाय. रंग उसाच्या रसासारखा. नाडी ९२.

भूल_जपून
मग अंगात पाणी पुरेसं आहे. पण आता ८ च्या खाली आलाय, ऑपरेशनमध्ये अजून जाणार, त्यामुळं एक पिशवी देऊ म्हणाले तर मी हो म्हणेन, नको म्हणाले तर भांडणार नाही. दोन एकदम मात्र नको. एक द्यायची, बघायचं, मग दुसरी. एका पिशवीनं साधारण १ नं वाढतं.

निवांत_नांदेड
एकदम नको ते कशामुळं? वडिलांना एका रात्रीत तीन दिल्या होत्या.

सिस्टर_गोदाकाठ
मी वॉर्डात वीस वर्षं आहे, मी सांगते. म्हातारं माणूस, कमजोर हृदय, त्यात पिशवीमागून पिशवी, मग फुफ्फुसात पाणी. पडून राहता येत नाही, उठून बसतात, खोकतात. आणि नेहमी डॉक्टरमुळंच होतं असं नाही हो. सलाईनच्या नळीवर ते चाक असतं ना, नातेवाइकांचं फार प्रेम त्या चाकावर. एका आजोबांच्या मुलाला घरी जायची घाई, शेवटची गाडी धरायची होती. मी दुसऱ्या पेशंटकडं गेले तेवढ्यात यानं चाक पूर्ण सोडलं, अर्धा लिटर वीस मिनिटात आत. रात्री दोनला आजोबा घर्रघर्र करायला लागले, ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, पहाटे कुठं बरे झाले. मुलगा म्हणाला, बाटली लवकर संपली की लवकर बरं वाटतं असं वाटलं.
साधा हिशोब: मोठ्या सेटला बहुतेक वीस थेंबांचा एक मिली. अर्धा लिटर चार तासांत संपवायचं तर मिनिटाला ४२ थेंब, आठ तासांत तर २१. आम्ही घड्याळ धरून मोजतो. तुम्ही फिरवू नका.
आणि रक्त चालू असताना पहिली पंधरा मिनिटं माणसाजवळून हलायचं नाही. हळू सोडतो आम्ही. थंडी, कंबर दुखणं, खाज, दम, लघवी लाल, काहीही झालं तर सिस्टरला हाक मारायची, "थोडं संपतच आलंय, होऊ द्या" असं करायचं नाही. पिशवी आणल्यापासून चार तासांत संपली पाहिजे.

हुरडा_पार्टी
त्या चाकाला कुलूप पाहिजे बगा.

रक्तपेढीतला_गणू
बाळूच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. मी रक्तपेढीत टेक्निशियन. दादा, स्वतःचं रक्त आईला द्यायचं मनातून काढा. ऐकायला लई गोड वाटतं, आईचं दूध अन् लेकाचं रक्त, पण सख्ख्या नात्यातल्या रक्तात एक धोका असतो. तुमच्या पांढऱ्या पेशी आईच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की आईच्या शरीराला ते परकं वाटतच नाही, ते हाकलत नाही, अन् मग त्या पेशी तिथं घर करून आईच्याच अंगावर उलटतात. क्वचित होतं, पण झालं तर त्यातून माणूस सहसा वाचत नाही. टाळायला रक्तावर किरणांचा मारा करावा लागतो, ती मशीन गावोगाव नाही. नवऱ्याचं रक्त तरण्या बायकोला देऊ नये म्हणतात ते वेगळ्या कारणानं, पुढच्या बाळंतपणात लेकराला त्रास होऊ शकतो.
तुम्ही रक्त द्या, जरूर द्या, पण ते साठ्यात जाऊ द्या. आईला दुसऱ्या कुणाचं मिळंल, तुमचं दुसऱ्या कुणाला.
अन् बाहेरच्याचं रक्त म्हणून घाबरू नका. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग अन् मलेरिया अशी तपासणी सक्तीची हाय. उलट जवळचा नातेवाईक भीडेखातर खरं सांगत नाही, सगळं गाव बाहेर बसलेलं असतं, कसं सांगणार? जो दर तीन महिन्यांनी स्वतःहून येतो त्याचं रक्त सगळ्यात भरवशाचं.

निवांत_नांदेड
पण आम्हाला तर रक्तपेढीनं बदली डोनर आणल्याशिवाय पिशवी दिली नाही. दोन पोरं शोधता शोधता रात्रीचे अकरा वाजले. एक पोरगा तर रिक्षावाल्यानं दिला, म्हणला पाचशे द्या.

रक्तपेढीतला_गणू
पाचशेवाला नको. पैसे घेऊन रक्त देणं-घेणं १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद आहे, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. पैसे लागतात ते तपासणीचे अन् प्रक्रियेचे, रक्ताचे नाही. बदली डोनरची सक्ती पण धोरणात बसत नाही, पण खरं सांगू का, एप्रिल-मे मध्ये आमचं फ्रीज उघडलं की तुमच्या पण पोटात गोळा येईल. कॉलेजं बंद, ऊन ४२, कुणी येत नाही. अन् नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवसात चारशे पिशव्या, प्रत्येकाला स्टीलचा डबा नाहीतर हेल्मेट. लाल पेशी टिकतात जास्तीत जास्त ४२ दिवस, काही पिशव्या ३५ च. चारशे पिशव्या एकदम आल्या तर काय करायच्या? सगळे नेते एकाच महिन्यात जन्मले नसते तर आमचं लई सोपं झालं असतं.

हुरडा_पार्टी
माझ्याकडं तीन हेल्मेट हायेत. गाडी एक.

मांजराकाठ
अन् डोकं?

किल्लारी९३
डब्यांचा विषय निघाला म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ ला आम्ही इंटर्न होतो, विसर्जन उरकून झोपलो अन् पहाटं चारच्या आत सगळं हाललं. दुसऱ्या दिवशीपासून सोलापूरला रक्त द्यायला रांग. डबा नाही, हेल्मेट नाही, चहा पण नाही. एक म्हातारे धोतर सोडून पँट घालून आले होते, वय लपवायला.
मी गावाकडं पाठवलेल्या गाडीत होतो. सलाईनच्या बाटल्या अडकवायला स्टँड कुठलं, बाभळीच्या फांदीला सुतळीनं बांधल्या. एक बाई सात-आठ तास दगडमातीखाली होती, दोन्ही मांड्यांवर माळवद आलेलं. काढली तेव्हा बोलत होती, पाणी मागितलं, लेकरू कुठं म्हणून विचारलं. दोन तासांत गेली. आम्हाला कळेना काय झालं, रक्त तर फार गेलेलं नव्हतं. नंतर शिकलो की दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम, वजन काढल्याबरोबर रक्तात सुटतं अन् हृदय थांबतं, वाचला तर मूत्रपिंड बसतं. अशा माणसाला बाहेर काढायच्या आधीच, दगडाखाली असतानाच शिरेतून सलाईन सुरू करायचं असतं. अन् ते साधं एनएस, रिंगर (सलाईनचाच दुसरा प्रकार) नाही, कारण रिंगरमध्ये थोडं का होईना पोटॅशियम असतं. बाटली एकच दिसते, दोन्ही पाण्यासारख्या.

माजलगावची
वाचून हात थांबले हो.

चिकित्सक_चिंतू
भूल_जपून, रिंगर चांगलं का एनएस? आमच्या मेव्हण्याच्या अपेंडिक्सला सगळं आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, दिलं होतं.

भूल_जपून
ऑपरेशनला सहसा आरएलच. एनएसमध्ये सोडियम आणि क्लोराईड दोन्ही १५४, रक्तात क्लोराईड शंभरेक असतं. लिटर दोन लिटर चालतं, पाच-सहा लिटर दिलं की रक्त आंबट होतं. आरएलमध्ये क्लोराईड १०९ च्या आसपास, त्यामुळं ते रक्ताच्या जवळ. पण किल्लारीवाल्या सरांनी सांगितलं तसं प्रत्येकाची जागा ठरलेली. डोक्याला मार असेल तर एनएस. आणि रक्ताच्या पिशवीच्या नळीत फक्त एनएस. आरएलमधल्या कॅल्शियममुळं पिशवीतलं रक्त नळीत गोठू शकतं, डेक्स्ट्रोजनं लाल पेशी फुटतात.
नुसत्या डेक्स्ट्रोजचं तर म्हाताऱ्यांत फारच सांभाळायचं. ऑपरेशननंतर शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात बिनमिठाचं पाणी घातलं की सोडियम खाली. मग आजी रात्री भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, नातेवाईक म्हणतात भूल डोक्यात गेली, बाहेरचं लागलं. अंगारा लावतात. सोडियम तपासा, ते १२० निघतं.

निवांत_नांदेड
अरे देवा. आमच्या आत्याला तर लिंबू उतरवलं होतं यासाठी.

चिकित्सक_चिंतू
ओ ग्रुपवाल्याला कुणाचंही ओ चालतंच ना? मग एवढं क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटचं अन् दात्याचं रक्त जुळवून बघणं, कशाला?

रक्तपेढीतला_गणू
नाही चालत नेहमी. आपल्याच मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे अन् त्यांच्या सहकाऱ्यांना असे पेशंट सापडले की तपासणीत ओ दिसतात पण ओ चढवलं तरी रिॲक्शन. त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात, जगभर त्याच नावानं. त्यांना फक्त बॉम्बेवाल्याचंच चालतं. म्हणून क्रॉसमॅच सोडत नाही. घाई करू नका, आम्ही चहा प्यायला गेलेलो नसतो.
अजून एक, नातेवाईक पिशवी नेताना बर्फाच्या खड्यावर ठेवतात किंवा ऊन लागू नये म्हणून बनियनच्या आत पोटाशी धरून मोटारसायकलवर जातात. एका ठिकाणी तर थंड रक्त नको म्हणून काखेत धरून बसवलं होतं पोराला, अर्धा तास, दुसऱ्या ठिकाणी गरम पाण्याच्या बादलीत. थेट बर्फ असो का गरम पाणी, पेशी फुटतात. रक्त न्यायचा डबा घ्या, सरळ वॉर्डात द्या, अर्ध्या तासात लावायला सांगा.

व्यवस्थापक
मांजराकाठ आणि चिकित्सक_चिंतू, बीट-डाळिंब-लोखंडी कढईवरचे तुमचे बावीस प्रतिसाद 'आहार' विभागात हलवले आहेत. भांडण तिथं चालू ठेवा.

बाळू_परभणी (शुक्रवार, रात्री ९.२०)
मंडळी, उशीर झाला, माफी. बुधवारी ऑपरेशन झालं, कमरेत सुई देऊन भूल, दीड तासात बाहेर. ऑपरेशनच्या आधी रक्त दिलं नाही. गुरुवारी सकाळी हिमोग्लोबिन ७.४, बसवलं की डोळ्यापुढं अंधारी, नाडी ११४. मग एक पिशवी दिली, साडेतीन तास चालली, मी पहिली पंधरा मिनिटं सिस्टरताईनं सांगितलं तसं आईच्या तोंडाकडं बघत बसलो, ती म्हणली "काय बगायलास, मेले नाही मी". आज ८.५. वॉकर धरून चार पावलं टाकली. दुसरी पिशवी रक्तपेढीतच राखून होती, तिथनंच रद्द केली.
सलाईन काल संध्याकाळी बंद केलं, मी राऊंडला विचारलं, डॉक्टर म्हणले बरोबर हाय, आता खातीय पितीय, काढा. पण मामा ऐकेना. बाटली निम्मी राहिली होती, मामा सिस्टरला म्हणायला, पैसे भरलेत, अर्धी टाकून कशाला देता, संपवा. शेवटी आईच वैतागली, म्हणली "तुला पाहिजे तर तू लावून घे, मला पिठलं भाकर दे".

उदगीरची_सुमन
मायला! देवळात येऊ द्या आता त्यांना.

हुरडा_पार्टी
मामाला पिवळी लावा.

सिस्टर_गोदाकाठ
छान झालं. पायाच्या पोटऱ्या दुखल्या, सुजल्या तर लगेच सांगा, आणि वॉकर सोडू देऊ नका इतक्यात.

बाळू_परभणी
एक सांगायचं राहिलं. गणूभाऊ, तुमचं वाचून आज रक्तपेढीत गेलो होतो, आईच्या पिशवीच्या बदल्यात नाही, असंच साठ्यात द्यायला. बोटाला टोचलं अन् मला परत पाठवलं. हिमोग्लोबिन ११.६, साडेबारा लागतं म्हणले. मी ४८ वर्षांचा, शेतात काम करतो, दोन वेळा जेवतो. सगळ्यांसमोर म्हणले की राव, मामा हसायला लागला.

भूल_जपून
बाळासाहेब, हसण्यावारी नेऊ नका आणि गोळ्या पण परस्पर सुरू करू नका. बायकांचं कमी असलं तर कारण बहुतेक दिसतं. पुरुषाचं कमी असलं तर कुठून तरी गळतंय का ते शोधायचं असतं. माजलगावच्या ताईंचं टायर आठवा. शौचाला काळं होतं का? रक्त जातं का? जंत, पोटात जळजळ, दुखण्याच्या गोळ्या रोज खाता का?

बाळू_परभणी
गोळ्या नाही. पण ते दुसरं... मूळव्याधीचं हाय दोन वर्षांपासून. कुणाला बोललो नाही. इथं लिहू का नको विचार करायलोय.

मांजराकाठ
लिहिलास की आता.

माजलगावची
बाळूभाऊ, यात लाजायचं काय. त्याच दवाखान्यात आहात तर आईला घेऊन निघायच्या आधी स्वतःला दाखवूनच निघा.

चिकित्सक_चिंतू
त्यासाठी वेगळा धागा काढा. अन् शीर्षकात 'खाजगी' लिहू नका, नाहीतर सगळा परभणी जिल्हा वाचायला येईल.